दृश्य इलेक्ट्रॉनिक्समधील अल्पशक्ती परिवर्तक : आराखड्याचे अर्थशास्त्र

म्हैसूर-नंजनगूड पट्ट्याने गेल्या काही दशकांत इलेक्ट्रॉनिक्स उद्योगाच्या नकाशावर स्वतःचे स्थान निर्माण केले आहे. १९८८ मध्ये म्हैसूर येथे स्थापन झालेली केन्स टेक्नॉलॉजी ही कंपनी इलेक्ट्रॉनिक जुळणीच्या क्षेत्रात मोठी झाली. नंजनगूड येथील सर्किट बोर्डांचा कारखाना १९९९ पासून ऑस्ट्रियाच्या एटी अँड एस या कंपनीच्या मालकीचा आहे. या दोन गावांना जोडणाऱ्या महामार्गावर, तसेच म्हैसूर-चामराजनगर रेल्वेमार्गावर कडकोळ हे गाव आहे. मोठ्या दुचाकी कारखान्यामुळे आणि औद्योगिक वसाहतींमुळे त्याचे ग्रामीण रूप झपाट्याने बदलले आहे. कडकोळजवळच्या कोचनहळ्ळी औद्योगिक क्षेत्रात इलेक्ट्रॉनिक्स उत्पादन समूह उभारण्याची योजनाही कर्नाटक सरकारने पुढे आणली आहे.

अशा पट्ट्यात बोर्ड तयार होतात, त्यांवर चिप बसविल्या जातात आणि तयार उपकरणे बाहेर पडतात. परंतु बोर्डावर बसणाऱ्या चिपचा आराखडा कोणाचा, हा प्रश्न उरतोच. उपकरणाच्या किमतीतील मोठा वाटा ज्याच्याकडे आराखडा असतो त्याच्याकडे जातो. जुळणी करणाऱ्याच्या हाती त्या मानाने थोडा वाटा राहतो. हे विधान नेहमी सर्वसाधारण स्वरूपात केले जाते. प्रस्तुत लेखात ते एका विशिष्ट घटकाच्या आधारे तपासले आहे. हा घटक म्हणजे कॅमेरा, टीव्ही आणि सेट-टॉप बॉक्स यांमध्ये असणारा, अ‍ॅनालॉग संकेताचे अंकांत रूपांतर करणारा परिवर्तक. आकाराने तो नखावरील ठिपक्याएवढा असतो. पण आराखड्यातील बुद्धीची किंमत किती असते, हे त्याच्याइतके स्पष्टपणे क्वचितच दुसरा घटक दाखवून देतो.

परिवर्तकाचे कार्य

प्रकाश, ध्वनी, तापमान या निसर्गातील राशी सलग बदलतात. कॅमेऱ्याच्या संवेदकावर पडलेल्या प्रकाशातून जो विद्युत दाब निर्माण होतो, तोही सलग बदलणारा असतो. संगणकाला मात्र केवळ अंक समजतात. त्यामुळे दर क्षणाला त्या दाबाचा एक नमुना घ्यावा लागतो आणि तो ठरावीक पायऱ्यांपैकी कोणत्या पायरीवर बसतो हे ठरवावे लागते. ८ बिटांचा परिवर्तक २५६ पायऱ्या ओळखतो, तर १० बिटांचा १,०२४.

नमुने किती वेगाने घ्यावेत, याचाही नियम आहे. संकेतातील सर्वोच्च वारंवारतेच्या दुपटीहून अधिक वेगाने नमुने घेतले नाहीत, तर मूळ संकेत परत मिळविता येत नाही. भारतात १९८२ मध्ये रंगीत प्रसारण सुरू झाले, तेव्हा स्वीकारलेल्या पाल पद्धतीत चित्रसंकेताची व्याप्ती ५ मेगाहर्ट्झ होती. म्हणजे सेकंदाला १ कोटीहून अधिक नमुने आवश्यक होते. त्याच वर्षी दूरचित्रवाणीच्या डिजिटल स्टुडिओसाठी आंतरराष्ट्रीय मानक ठरले. त्यात प्रकाशमानतेसाठी सेकंदाला १ कोटी ३५ लाख आणि दोन रंगघटकांसाठी प्रत्येकी ६७.५ लाख, असे एकूण २ कोटी ७० लाख नमुने निश्चित करण्यात आले. चित्रसंकेताच्या परिवर्तकाला वेग आणि अचूकता या दोन्ही अटी एकाच वेळी पाळाव्या लागतात, हे या आकड्यांवरून दिसते. बॅटरीवर चालणाऱ्या उपकरणात कमी वीज ही तिसरी अट त्यांत येऊन मिळते.

या तिसऱ्या अटीचे महत्त्व एका साध्या हिशेबाने कळते. ३.७ व्होल्टची, ३,००० मिलिअँपिअर-तास क्षमतेची बॅटरी सुमारे ११ वॅट-तास ऊर्जा साठविते. केवळ परिवर्तकच २ वॅट घेत असेल, तर ती साडेपाच तासांत रिकामी होईल. त्याने ३५ मिलिवॅट घेतले, तर ती सुमारे तेरा दिवस पुरेल. घरातील विजेवर चालणाऱ्या उपकरणांनाही हाच हिशेब लागू पडतो. दिवसरात्र चालू राहणाऱ्या उपकरणात १ वॅट वाचला, तर वर्षाला ८.७६ युनिट वाचतात. अशी १ कोटी उपकरणे असतील, तर ही बचत ८ कोटी ७६ लाख युनिट होते.

अचूकतेची किंमत

अर्थशास्त्रात सीमांत खर्चाची संकल्पना मूलभूत मानली जाते. उत्पादनाचे आणखी एक एकक वाढविण्यासाठी किती जादा खर्च येतो, हे ती सांगते. परिवर्तकाच्या बाबतीत हे वाढीव एकक म्हणजे एक जादा बिट. निसर्गाने त्याची किंमत फार चढी ठेवली आहे.

नमुना घेताना तो दाब एका कपॅसिटरवर क्षणभर साठवून ठेवला जातो. कोणत्याही पदार्थात तापमानामुळे इलेक्ट्रॉनांची धावपळ सतत चालू असते, त्यामुळे या साठवलेल्या दाबातही बारीक थरथर राहते. कपॅसिटर जितका मोठा, तितकी ही थरथर कमी. एक बिट वाढविणे म्हणजे पायरीची उंची निम्मी करणे. तेव्हा थरथरही निम्मी व्हायला हवी. परंतु ती कपॅसिटरच्या वर्गमुळाच्या प्रमाणात कमी होते. म्हणून ती निम्मी करण्यासाठी कपॅसिटर चौपट करावा लागतो. चौपट कपॅसिटर त्याच वेगाने भरण्यासाठी साधारणपणे चौपट शक्ती लागते. याच न्यायाने दोन बिट वाढविले, तर खर्च सोळापट होतो.

अल्पशक्ती आराखड्याचा पहिला धडा यातूनच मिळतो. गरजेपेक्षा जास्त अचूकता ही चैन असते आणि तिची किंमत प्रत्येक सेकंदाला मोजावी लागते. चित्राच्या ज्या टप्प्यावर ८ बिट पुरेसे आहेत, तेथे १० बिटांचा परिवर्तक बसविणारा अभियंता सोळापट ऊर्जेचे कर्ज घेत असतो. ‘किती पुरे’ हे आधी ठरविणे हे आराखडाकाराचे पहिले काम होय.

तीन रचना, तीन हिशेब

पायरी ओळखण्याच्या अनेक रीती आहेत. चित्रसंकेताच्या इतिहासात त्यांपैकी तीन महत्त्वाच्या ठरल्या.

पहिली रीत ‘फ्लॅश’ या नावाने ओळखली जाते. प्रत्येक पायरीसाठी एक स्वतंत्र तुलनक ठेवायचा आणि सर्वांना एकाच वेळी विचारायचे. ८ बिटांसाठी २५५ तुलनक लागतात, १० बिटांसाठी १,०२३. उत्तर तत्काळ मिळते. परंतु शेकडो तुलनक प्रत्येक नमुन्यासाठी एकदम काम करतात. शंभर प्रश्नांचे उत्तर हवे म्हणून शंभर तज्ज्ञ कायम नोकरीवर ठेवावेत, तशी ही व्यवस्था आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस चित्रसंकेताचे पहिले एकचिप परिवर्तक याच रचनेचे होते. स्टुडिओतील मोठ्या यंत्रांसाठी त्यांची वीज चालून जात असे. हातात धरण्याच्या कॅमेऱ्यात ती चालण्यासारखी नव्हती.

दुसरी रीत ‘पाइपलाइन’. कारखान्यातील जुळणीच्या रांगेप्रमाणे काम टप्प्यांत वाटले जाते. पहिला टप्पा ढोबळ उत्तर काढतो, उरलेली बाकी वाढवून पुढच्या टप्प्याकडे देतो आणि स्वतः पुढचा नमुना हाती घेतो. प्रत्येक नमुन्याला अनेक टप्पे पार करावे लागतात. तरी दर ठोक्याला एक उत्तर बाहेर पडते. १० बिटांच्या प्रचलित रचनेत नऊ टप्पे आणि सुमारे १९ तुलनक पुरतात. शिवाय प्रत्येक टप्प्यात थोडा जादा वाव ठेवला जातो. त्यामुळे एखाद्या तुलनकाची छोटी चूक पुढचे टप्पे अंकांच्या बेरजेतून दुरुस्त करतात. तुलनक अचूक असण्याची सक्ती उरत नाही. कमी विजेवर चालणारे साधे तुलनकही चालतात.

तिसरी रीत क्रमशः अंदाज घेण्याची आहे. अभियांत्रिकीत ती ‘सार’ या संक्षेपाने ओळखली जाते. तराजूत एकामागून एक वजने टाकून वस्तू तोलावी, तसे हे काम चालते. आधी अर्धे वजन, मग पाव, मग अर्धपाव. १० बिटांसाठी दहा वेळा तोलावे लागते. पण तुलनक मात्र एकच लागतो. कपॅसिटरांच्या साह्याने हे तोलणे कसे करावे, हे १९७५ मध्ये बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात मॅक्रिअरी आणि पॉल ग्रे यांनी दाखवून दिले. दीर्घकाळ ही रीत चित्रासाठी फार मंद समजली जात होती. ट्रान्झिस्टर लहान आणि वेगवान झाले, तेव्हा तिला नवे आयुष्य मिळाले.

पस्तीस मिलिवॅटचा धडा

१९९५ मध्ये त्याच विद्यापीठातील थॉमस चो आणि पॉल ग्रे यांनी १० बिटांचा, सेकंदाला २ कोटी नमुने घेणारा पाइपलाइन परिवर्तक प्रसिद्ध केला. त्याला लागणारी शक्ती होती केवळ ३५ मिलिवॅट. हा वेग दूरचित्रवाणीच्या चित्रसंकेताला पुरेसा होता. तो १.२ मायक्रॉनच्या तंत्रावर तयार झाला होता आणि हे तंत्र त्या काळीही अद्ययावत नव्हते.

मग बचत आली कोठून? पुरवठ्याचा दाब ३.३ व्होल्टवर आणण्यात आला. त्या कमी दाबावरही स्विच वेगाने चालावेत म्हणून वेगळे चालक सर्किट रचण्यात आले. तुलनकांच्या चुका अंकीय दुरुस्तीवर सोपविण्यात आल्या आणि जेव्हा निवाडा करायचा तेवढ्यापुरतीच वीज घेणारे तुलनक वापरण्यात आले. सर्वांत विचार करण्यासारखी गोष्ट म्हणजे रांगेत पुढे जाताना कपॅसिटरांचे आकार योग्य प्रमाणात कमी करण्यात आले. पहिल्या टप्प्यातील चूक अखेरच्या उत्तरात पूर्ण उतरते. नंतरच्या टप्प्यांतील चुका क्रमाने कमी महत्त्वाच्या होत जातात. म्हणून सर्व टप्प्यांवर सारखी शक्ती खर्च करणे हा अपव्यय ठरतो. मर्यादित निधी जेथे सीमांत लाभ अधिक तेथे वळवावा, हे नियोजनाचे तत्त्व येथे सिलिकॉनवर उतरलेले दिसते.

पुढची झेप १९७० च्या दशकातील त्या तोलण्याच्या रीतीने घेतली. बेल्जियममधील संशोधक क्रॅनिंक्स आणि व्हान डेर प्लास यांनी २००७ मध्ये ९ बिटांचा असा परिवर्तक सादर केला. सेकंदाला ५ कोटी नमुन्यांच्या वेगाने त्याला जेमतेम ०.७ मिलिवॅट लागत होते. अशा परिवर्तकांची तुलना ‘एका पायरीमागे किती ऊर्जा’ या मापाने करतात. २००७ च्या परिवर्तकाचा आकडा ०.०६५ पिकोज्यूल होता. १९९५ च्या परिवर्तकाचा, १० बिट पूर्ण धरले तरी, सुमारे १.७ पिकोज्यूल येतो. म्हणजे बारा वर्षांत हा खर्च पंचवीस पटींहून अधिक घटला. या घटीचे श्रेय अर्थातच एकट्या आराखड्याचे नाही, १.२ मायक्रॉनवरून ९० नॅनोमीटरवर आलेल्या निर्मितीतंत्राचाही त्यात मोठा वाटा आहे. परंतु लहान ट्रान्झिस्टरांचा लाभ कोणती रचना घेऊ शकेल, हे आराखडाकारानेच ओळखावे लागले.

आजच्या कॅमेऱ्यांत हाच विचार आणखी पुढे गेला आहे. १,९२० स्तंभ आणि १,०८० ओळींचे चित्र सेकंदाला ६० वेळा टिपायचे, तर सुमारे १२ कोटी ४४ लाख नमुने घ्यावे लागतात. एकाच वेगवान परिवर्तकावर हा भार टाकण्याऐवजी प्रत्येक स्तंभाला स्वतःचा छोटा परिवर्तक दिला जातो. त्याला सेकंदाला केवळ ६४,८०० नमुने घ्यावे लागतात. एका थकलेल्या हमालाऐवजी अनेकांनी ओझे वाटून घ्यावे, तसे हे आहे.

भारतातील अनुभव

हे ज्ञान भारतात कसे आले, हे पाहताना म्हैसूरपासून सुमारे दीडशे किलोमीटरवरील बंगळूरकडे वळावे लागते. १९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकी कंपनीने तेथे आराखडा केंद्र सुरू केले. अशा केंद्रांत अनुभव घेतलेल्या अभियंत्यांनी पुढे स्वतःच्या कंपन्या काढल्या. २००५ मध्ये स्थापन झालेली कॉस्मिक सर्किट्स ही त्यांपैकी एक होय. परिवर्तकांसह अ‍ॅनालॉग सर्किटांचे तयार आराखडे जगभरातील चिप कंपन्यांना विकणे हा तिचा व्यवसाय होता. २०१३ मध्ये अमेरिकेच्या केडन्स कंपनीने ती विकत घेण्याचे जाहीर केले. बंगळूरच्याच सांख्य लॅब्सने टीव्ही संकेत ग्रहण करणाऱ्या चिपचा आराखडा तयार केला आणि डिसेंबर २०१८ मध्ये ‘पृथ्वी-३’ ही चिप सादर केली. चेन्नईच्या आयआयटीतील शांती पवन यांचे परिवर्तकांवरील संशोधन जगभर अभ्यासले जाते. त्यासाठी त्यांना २०१२ चा शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला.

या उदाहरणांतून दोन गोष्टी दिसतात. आराखड्याची क्षमता भारतात आहे, ही पहिली. ती तयार व्हायला वेळ लागतो, ही दुसरी. १९८५ च्या केंद्रापासून २००५ च्या कंपनीपर्यंत वीस वर्षे गेली. पुढे देशाने मागणीचा एक मोठा क्षण मात्र पाहिला. केबल दूरचित्रवाणीच्या डिजिटल रूपांतरासाठी २०११ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. पहिल्या टप्प्यात मुंबईसह महानगरे आली, तर मार्च २०१३ ची मुदत असलेल्या दुसऱ्या टप्प्यातील ३८ शहरांत पुणे, नागपूर, नाशिक, औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) आणि सोलापूर यांच्या बरोबरीने म्हैसूरही होते. घरोघरी सेट-टॉप बॉक्स आले. त्यांतील चिप मात्र प्रामुख्याने परदेशी आराखड्यांच्या होत्या. माहिती तंत्रज्ञान करारानुसार चिपवरील आयातशुल्क शून्यावर आलेले असल्याने शुल्काची भिंत उभारण्याचा मार्ग नव्हताच. मागणी निर्माण होण्याआधी आराखडा तयार असला, तरच अशा क्षणाचा लाभ मिळतो.

धोरणाचे साह्य कोठे हवे

आराखडा हा ज्ञानरूप माल आहे. त्यावर खर्च करणाऱ्याला त्याचा सर्व लाभ मिळत नाही; प्रशिक्षित अभियंता दुसरीकडे गेला, की ज्ञानही त्याच्याबरोबर जाते. समाजाला हे हितकारक असले, तरी लहान कंपनीला ते परवडत नाही. शिवाय अ‍ॅनालॉग चिप पहिल्याच प्रयत्नात बिनचूक येईल, याची खात्री नसते. चाचणी-चिप करून पाहणे, मोजणे, दुरुस्त करणे आणि पुन्हा करणे, असे हे काम चालते. बाजारावर सोडल्यास अशा कामात गुंतवणूक कमीच होते. शासकीय साह्याचे समर्थन याच कारणावर उभे आहे.

त्या दृष्टीने काही पायाभूत व्यवस्था झाल्या आहेत. चिपच्या आराखड्याला १० वर्षे संरक्षण देणारा कायदा २००० मध्ये झाला. डिसेंबर २०२१ मध्ये मंजूर झालेल्या ७६,००० कोटी रुपयांच्या सेमिकंडक्टर कार्यक्रमात आराखड्याशी निगडित प्रोत्साहन योजनेचा समावेश आहे. तिच्यात पात्र खर्चाच्या ५० टक्क्यांपर्यंत, एका अर्जामागे कमाल १५ कोटी रुपये परत मिळतात. पुढे प्रत्यक्ष विक्रीवर पाच वर्षे ६ ते ४ टक्के प्रोत्साहन मिळते; त्याची मर्यादा ३० कोटी रुपये आहे. ‘चिप्स टू स्टार्टअप’ कार्यक्रमात ८५,००० अभियंते घडविण्याचे उद्दिष्ट आहे. मोहालीच्या सेमिकंडक्टर प्रयोगशाळेत १८० नॅनोमीटरचे तंत्र उपलब्ध आहे. जगाच्या मानाने ते जुने असले, तरी ३५ मिलिवॅटचा तो परिवर्तक याहूनही कितीतरी जुन्या तंत्रावर झाला होता, हे विसरता कामा नये. अ‍ॅनालॉग आराखडा शिकण्यासाठी हे तंत्र पुरेसे आहे.

कडकोळसारख्या ठिकाणी काय करता येईल

प्रत्येक औद्योगिक वसाहतीत चिप आराखड्याची कंपनी निघेल, अशी अपेक्षा करणे व्यवहार्य नाही. परंतु आराखडा आणि जुळणी यांच्यामध्ये एक दुवा आहे. मोजमाप आणि बोर्ड हा तो दुवा होय, आणि तो नेमका कडकोळसारख्या पट्ट्याच्या आवाक्यात आहे.

परिवर्तक चांगला आहे की नाही, हे मोजणे सोपे नसते. १० मेगाहर्ट्झचा संकेत १० बिटांच्या अचूकतेने मोजायचा, तर नमुना घेण्याच्या घड्याळातील अनिश्चितता सुमारे १० पिकोसेकंदांच्या आत असावी लागते. पिकोसेकंद म्हणजे सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागाएवढा काळ. अशी घड्याळे, शुद्ध संकेत देणारी उपकरणे आणि नीट आखलेला बोर्ड नसेल, तर उत्तम चिपही वाईट ठरते. बोर्डावरील जमीन-जोडणी आणि वीजपुरवठ्याची आखणी चुकली, तर चिपमध्ये मिळविलेली बचत बोर्डावरच हरवते. परिवर्तकाला ०.७ मिलिवॅट पुरत असले, तरी त्याला संकेत पुरविणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरला त्याहून कितीतरी जास्त लागू शकतात. म्हणून अल्पशक्तीचा विचार चिपच्या कडेशी थांबवून चालत नाही.

म्हैसूरमध्ये १९४६ पासूनची नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इंजिनिअरिंग आणि १९६३ पासूनचे श्री जयचामराजेंद्र अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. बोर्ड करणारे आणि जुळणी करणारे कारखाने जवळच आहेत. नव्या उत्पादन समूहात सामायिक सुविधा उभारताना रस्ते, पाणी आणि वीज यांच्याबरोबर परिवर्तकांची मोजमाप-प्रयोगशाळाही धरली, तर विद्यार्थी, लहान कंपन्या आणि कारखाने तिघांनाही तिचा उपयोग होईल. पुणे जिल्ह्यातील रांजणगाव येथे २०२२ मध्ये सुमारे २९७ एकरांवर ४९३ कोटी रुपयांचा उत्पादन समूह मंजूर झाला. तेथेही हाच विचार लागू पडतो.

दुसरी बाब सरकारी खरेदीची. शहरांतील देखरेख-कॅमेऱ्यांचा एक मोठा ग्राहक सार्वजनिक क्षेत्र आहे. एप्रिल २०२५ पासून अशा कॅमेऱ्यांना सुरक्षाविषयक चाचणीची अट लागू झाली. सुरक्षेबरोबर एका चित्रामागे किती ऊर्जा खर्च होते, ही अटही निविदेत घातली, तर अल्पशक्ती आराखड्याला खात्रीचा ग्राहक मिळेल. या मार्गाला शुल्काची भिंत लागत नाही आणि ग्राहकाचे वीजबिलही कमी होते.

जुळणीच्या कारखान्यांनी रोजगार दिला आहे आणि त्यांचे महत्त्व कमी लेखण्याचे कारण नाही. पण मजुरी स्वस्त असेल तिकडे जुळणी सरकते. आराखड्याचे कौशल्य मात्र ज्या परिसरात माणसे शिकतात, मोजतात आणि चुका दुरुस्त करतात तेथे मूळ धरते. पहिल्या टप्प्याला अधिक शक्ती द्यावी आणि पुढच्या टप्प्यांवर ती बेताने वापरावी, हे त्या पस्तीस मिलिवॅटच्या परिवर्तकाने दाखविले. औद्योगिक नियोजनातील पहिला टप्पा म्हणजे शिक्षण, चाचणी-चिप आणि मोजमाप. तेथे झालेली काटकसर पुढे कोणत्याही अनुदानाने भरून निघत नाही.